चहाच्या मळ्यातला उजवा गमबूट

मी एक जुना गमबूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, साच्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत काळा होतो. केरिचो गावच्या बाजारातून चहा खुडणाऱ्या ताप्रांदिचने मला आणलं. बारा वर्षं मळ्यातला चिखल तुडवला, तीन ठिगळं लागली. आता अगदी दमलो आहे.

ताप्रांदिचची मुलगी चेरोटिच लहानपणी आमची जोडी पायात अडकवून मळ्याखालच्या गोल्फच्या मैदानाकडे पळायची आणि मोडक्या काठीने हरवलेले चेंडू मारायची. आई वरून ओरडायची, "बूट निसटून ओढ्यात गेला, तर उद्या मी काय अनवाणी जाऊ? टाच दाबून धर!" पोरीने टाच दाबून धरली.

पुढे तीच पोर त्या मैदानाच्या गोल्फ क्लबात पहिली आली. पण नैरोबीच्या निवड स्पर्धेत दोनदा हरली. ऐन मोक्याला चेंडू डावीकडे पळायचा. तिसरी संधी शेवटची होती. क्लबात खेळ शिकवणाऱ्या सिगेई मास्तरांनी दोन महिने तिची पकड बदलली, खांदे बदलले. "हात गप्प ठेव! चहा खुडतेस की काय?" असे टोमणेही मारले. काही उपयोग झाला नाही.

एके दिवशी ताप्रांदिच मुर्सिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, भोपळा घेऊन मैदानावर आली. मी तिच्या पायात होतोच. लेकीचे चार फटके बघून ती म्हणाली, "मास्तर, हातांना कशाला छळता? तिची उजवी टाच बघा, जमिनीला चिकटलीय. काय गं, अजून बूट निसटेल म्हणून भितेस?"

चेरोटिच हसली. मग तिने पायाकडे बघितलं. "मला कळलंच नाही, आई."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "टाच उठत नाही म्हणून कंबर अडते, मग हात घाई करतात. दुखणं पायाला आणि मी मलम हाताला चोळतोय! मावशी, तो उजवा बूट द्या इकडे."

तिच्या पायाला मी अजूनही सैलच होतो. फटका संपताना टाच माझ्यातून वर यायलाच हवी, असा मास्तरांचा हुकूम होता. तीन दिवस टाच मला चिकटून राहिली. मला फार अपराधी वाटलं. चौथ्या दिवशी टाच सुटली आणि चेंडू सरळ गेला.

स्पर्धेपर्यंतचे तीन आठवडे मी चेरोटिचकडेच होतो, म्हणून ताप्रांदिच एका पायात बूट, एक पाय अनवाणी अशी मळ्यात गेली. बायका म्हणायच्या, "आला बघा आमचा करकोचा!" ती म्हणायची, "हसा, हसा. माझी पोर नैरोबीला जातेय."

निवड झाल्याचा लेकीचा फोन आला तेव्हा ती टोपलीशेजारी मटकन बसली आणि रडली. "टाच मीच दाबून धरायला लावली होती गं."

आता तिला नवे बूट आले आहेत आणि मी पडवीत कोंबड्यांजवळ पडून आहे. माझी तक्रार नाही. मित्रांनो, जुन्या बुटांना ठिगळ लावा, जपून वापरा. आणि कुणाला त्याच्या लहानपणी "घट्ट धर" म्हणाला असाल, तर तो मोठा झाल्यावर आठवणीने सांगा, बाळा, आता सोडलंस तरी चालेल.