कुंचेवच्या फाटकातून हलणार नाही

मी ल्युबेनची गाडी बोलतेय. वर्षभर तोंड बंद होतं, आज ऐकून घ्या.

माझं वय चाळिशीपुढचं. पेट्रोलात तेल मिसळून पाजावं लागतं, चालताना निळा धूर सोडते, म्हणून गावातली पोरं मला 'चिलीम' म्हणतात. ल्युबेनने मला एका विधुर मास्तरांकडून घेतलं आणि रंग सोडून सगळं बदललं. रविवारी आईला, स्तामेनाबाईंना, पुढे बसवायचा. धाकटा भाऊ झाफिर मागे. गाडी चालवायची म्हणून ल्युबेन दारूला शिवायचा नाही. लग्नातसुद्धा ताक प्यायचा. लोक हसायचे.

गेल्या वसंतात दगडखाणीत दरड कोसळली आणि ल्युबेन तिच्याखाली गेला. दरडीला तडा गेलाय, हे मजुरांनी सकाळीच सांगितलं होतं. मालक कुंचेवने तरीही त्याला खाली पाठवलं. चौकशीत म्हणाला, "पिऊन आला होता." कागदावर तेच उमटलं.

पिऊन! मला कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी त्याला खाणीवर मीच नेलं होतं.

झाफिरने मला चढावरच्या गवताच्या कोठारात ठेवलं. भावाला निजवावं तसं ठेवलं. बॅटरी काढून घरात नेली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली, कसर लागू नये म्हणून सीटवर अक्रोडाची पानं पसरली. आणि जाता जाता हँडब्रेक खेचला. आमचं सगळं गाव उतारावर. इथली माणसं सपाट जमिनीवरही ब्रेक खेचतात. बरेच दिवस ठेवायच्या गाडीचा ब्रेक मोकळा सोडायचा असतो, नाहीतर तो गंजून चाकाला चिकटतो, हे त्याला सांगणारा एकच होता, आणि तोच गेला होता.

आमच्याकडे मेलेल्याचा फोटो छापलेला कागद दारांवर, झाडांवर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. झाफिर दर वेळी एक कुंचेवच्या फाटकावर लावायचा. कुंचेव तो फाडायचा. मग झाफिर ते तुकडे घेऊन माझ्यात येऊन बसायचा, स्टिअरिंगवर कपाळ आपटायचा. "चिरडू त्याला," म्हणायचा.

मी म्हणायचे, चिरडू.

आज वर्ष झालं. सकाळी सात वाजता कुंचेव कॉफीचा पेला घेऊन खाणीच्या फाटकात उभा राहतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. झाफिरने बॅटरी जोडली, चिंधी उपसली. मी खोकले, आणि सुरू झाले! मागची चाकं जाम होती, पण मी पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी. उतारावरून मागची चाकं फरफटत, किंचाळत मी निघाले. घसरत आडवी फिरले. कुंचेवच्या पोटापासून दोन वितींवर, फाटकाच्या मधोमध थांबले आणि बंद पडले.

दोन विती! मला माझीच लाज वाटली.

"काढ हा डबा!" कुंचेव ओरडला. कॉफी त्याच्या सदऱ्यावर सांडली होती. "माझे ट्रक अडकलेत!"

"हलत नाही, मालक," झाफिर म्हणाला.

"ए मेतोदी, बघतोस काय? ढकल!"

मजुरांच्या घोळक्यातून पुढे येऊन म्हाताऱ्या मेतोदीने माझ्या टपावर हात टेकला आणि तसाच ठेवला. "कंबर धरलीय, मालक."

"आताच धरली?"

"हो. चौकशीच्या दिवशी जीभ धरली होती."

मागे कुणीतरी हसलं. एकाही मजुराने मला हात लावला नाही.

तेवढ्यात स्तामेनाबाई आल्या. मेलेल्याच्या नावाने वाटायचं, स्मशानात न्यायला काढलेलं गोड उकडलेल्या गव्हाचं पातेलं त्यांनी माझ्या बॉनेटवर ठेवलं. मजूर एकेक करून आले, चमचाभर गहू खाऊन रीतीप्रमाणे म्हणाले, "देव त्याला क्षमा करो."

मग बाईंनी भरलेला चमचा कुंचेवच्या हातात दिला. "खा. आणि देवाने माझ्या पोराला कशाची क्षमा करायची, तेही सांग. दारूची?"

कुंचेवने चमचा धरलाय. तोंडाकडे नेत नाही, खाली ठेवत नाही. मघापासून भोंगे वाजवणारे ट्रकवाले आता उतरून त्याच्या तोंडाकडे बघताहेत.

माझी एकच विनंती. चिकटलेला ब्रेक कसा सोडवतात, हे तुमच्यापैकी कुणाला येत असेल, तर मेहेरबानी करून गप्प राहा. कुंचेव बोलेपर्यंत मला इथून हलवू नका.