खालच्या फळीवरचं कालचं चीज

"डॅड, या पिशवीतलं अर्धं चीज मुकं का आहे?"

मित्रांनो, हा प्रश्न एका शनिवारी भरल्या दुकानात विचारला गेला. विचारणारी होती ऑड्रा, आमच्या मालकाची सोळा वर्षांची मुलगी. प्रश्न खरं तर तिच्या मैत्रिणींचा. केन्झी नावाच्या मैत्रिणीने तिच्याशी पैज लावली होती, "सगळ्यांसमोर विचारून दाखव, तर तू खरी!" आणि ऑड्रा असल्या पैजेला कधी नाही म्हणत नसे. कमरेवर हात ठेवून, पिशवी उंच धरून, तिने खणखणीत आवाजात विचारून टाकलं.

मी तेव्हा समोरच उभा होतो. मी कुठे जाणार म्हणा! मी फ्रीज आहे, तोही म्हातारा. तुमच्या घरातल्या फ्रीजसारखं मला दार नाही. पाच लांब फळ्या, डोक्यावर दिवा, वरून खाली पडणारा थंडगार वारा आणि समोर सताड उघडी छाती. ज्याला जे हवं ते त्याने हात घालून घ्यावं. लपवाछपवी माझ्या बांध्यातच नाही. निदान मला तसं वाटायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रे कापले, वाकवले, जोडले, पोटात नळ्या भरल्या आणि ट्रकवर चढवून मला अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या या गावात आणलं. मला आत घेताना दाराची चौकट काढावी लागली, एवढा मी रुंद! तेव्हा दुकान थोरल्या विचोरेकांचं होतं, म्हणजे ऑड्राच्या आजोबांचं. त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला आणि हाक मारली, "या ऑर्विल, पहिला मान तुमचा."

ऑर्विल झिमरली ओढ्यापलीकडे चीज बनवतात. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझा पत्रा चकचकीत.

चीजची मोठी वडी दाबून घट्ट करण्याआधी त्याचे जे ओबडधोबड खडे असतात ना, ते इथे लोक तसेच खातात. सकाळी बनलेला खडा दाताखाली 'चीं' करून वाजतो. वाजला तर ताजा. थंडीत एक रात्र काढली की तो मुका होतो. म्हणून ताजे खडे माझ्यात ठेवायचे नाहीत, असा थोरल्या विचोरेकांचा नियम होता. ऑर्विल रोज सकाळी डबे घेऊन येत, दुकानात पिशव्या भरल्या जात, आणि त्या गल्ल्याजवळच्या टोपलीत उघड्यावर मांडल्या जात. संध्याकाळी उरलेल्या पिशव्या माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर येत, 'कालचं' अशा पाटीखाली, अर्ध्या किमतीत. त्यात कोणालाच कमीपणा वाटत नसे. तळायला तर लोक मुद्दाम कालचंच नेत.

मग थोरले गेले. त्यांचा मुलगा डेल गल्ल्यावर बसला आणि माझे दिवस फिरले. माझा दिवा फडफडायला लागला, तो कोणी बदलेना. माझा वारा जिथून सुटतो त्या फटीसमोर दह्याचे डबे रचले गेले, मग वरचं गार आणि खालचं कोमट. मी गुरगुरलो की डेल मला एक चापट मारायचा. बस, तेवढीच काय ती माझी विचारपूस!

आणि मग गेल्या शरद ऋतूत ऑड्रा आली! म्हणजे जन्मापासून ती इथेच होती, पण त्या दिवशी बाह्या सरसावून आली. तिने मला पूर्ण रिकामं केलं, व्हिनेगरच्या पाण्याने कोपरान् कोपरा धुतला, नवा दिवा बसवला.

"डॅड, माणूस दुकानात शिरला की आधी काय बघतो, सांग."

"माझा हसरा चेहरा."

"डोळ्यांसमोरची फळी! आणि तू तिथे काय ठेवलंयस? मार्गारीन! नकली लोणी!"

मार्गारीन गेलं खाली. डोळ्यांसमोरच्या फळीवर आली ऑर्विलची चीजं. पांढऱ्याशेजारी पांढरं मरगळलेलं दिसतं, म्हणून दूध आणि सायीच्या मधे तिने नारिंगी चेडर चीज बसवलं. चॉकलेटचं दूध लहान मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर आलं. सॉसेजच्या बाजूला मोहरीच्या चटणीच्या बाटल्या आणि लोणच्यातल्या काकड्या. जुना माल पुढे, नवा मागे, आणि फळीवरच्या लाल रेघेच्या बाहेर काहीही नाही, कारण माझ्या वाऱ्याचा पडदा तिथूनच खाली उतरतो. एवढं तर माझ्या मालकालाही ठाऊक नव्हतं! शेवटी तिने टोपलीवर आपल्या वळणदार अक्षरात पाटी लावली, 'आज सकाळचं. चावून बघा, वाजतं!'

डेल म्हणाला, "दुकान आहे हे. नाटकाचं नेपथ्य नाही."

पण आठवड्याभरात लोक माझ्यासमोर थांबायला लागले. एक वस्तू घ्यायला आलेला माणूस चार घेऊन जाऊ लागला. ज्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं त्या मिसेस लुंडीन म्हणाल्या, "डेल, पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी निघाली रे."

"माझ्यावरच गेलीय ती."

"तुझ्यावर? तू माझ्या वर्गात रोज स्वतःचे बूट शोधायचास!"

सगळं दुकान हसलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस ते. मी अभिमानाने फुललो होतो. आणि फसवणूक याच दिवसांच्या आड दबा धरून बसली होती.

खप वाढला तसे डेलने ऑर्विलकडून दुप्पट खडे घ्यायला सुरुवात केली. शनिवारी ते संपत. मंगळवारी मात्र खालच्या फळीवर पिशव्यांची रास होई, आणि ती अर्ध्या किमतीत देणं डेलच्या जिवावर येई. एका बुधवारी दुकान उघडण्याआधी तो माझ्यासमोर उकिडवा बसला, खालच्या फळीवरच्या सगळ्या पिशव्या उचलल्या आणि मागच्या खोलीत गेला. तिथल्या मायक्रोवेव्हची टिंग मला ऐकू आली. मुका खडा थोडा गरम केला की पुन्हा वाजतो. थोडाच वेळ, पण वाजतो. मग ते खडे आजच्या खड्यांत मिसळून टोपलीत आले. ऑड्राच्या पाटीखाली!

माझ्या अंगावर काटा आला. आता फ्रीजच्या अंगावर काटा येणं म्हणजे केवढी गोष्ट, ते तुम्हीच बघा. ज्यांनी रात्र माझ्या पोटात काढली त्यांना 'आज सकाळचं' म्हणून विकायचं? मी उघड्या छातीचा, आणि मलाच चोराचा खिसा केलं! त्यानंतर हे वरचेवर होऊ लागलं.

ऑड्राला यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळेच्या बसमध्ये मुलींचा खेळ चालायचा, कोणाचा खडा जास्त मोठ्याने वाजतो. एके दिवशी केन्झीच्या पिशवीतला एक वाजे, दुसरा गप्प. मुली खो खो हसल्या आणि त्यातून ती पैज लागली.

आता पुन्हा त्या शनिवाराकडे या. ऑड्राने विचारलं. तिला खात्री होती, डॅड काहीतरी विनोद करेल. डेलने पापणीसुद्धा हलवली नाही.

"ऑर्विलना विचारायला हवं. वय झालं बिचाऱ्यांचं. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

"ऑर्विलचा हात?" मिसेस लुंडीननी हातातली पिशवी हळूच टोपलीत परत ठेवली.

मी खडखडलो, गुरगुरलो, जमेल तेवढा आवाज केला. डेलने मला चापट मारली.

पुढच्या आठवड्यात गावात हेच ऐकू येत होतं. ऑर्विल थकले. ऑर्विल हल्ली कालचं दूध वापरतात म्हणे. लोक पिशवी दाबून बघत आणि ठेवून देत. ऑर्विल रोज डबे घेऊन येत आणि टोपली तशीच भरलेली बघून परत जात. चाळीस वर्षं कमावलेलं नाव सात दिवसांत धुळीला मिळालं.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी उरलेल्या अकरा पिशव्या ऑड्राने स्वतः माझ्या खालच्या फळीवर रचल्या. शुक्रवारी शाळेआधी ती मला आवरायला लवकर आली. खाली वाकली. फळी रिकामी.

"दुकान उघडलंच नाही अजून, मग अकरा पिशव्या गेल्या कुठे?" ती स्वतःशीच म्हणाली. मागून आवाज आला. टिंग.

तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. ते उघडंच राहिलं, म्हणून मलाही सगळं दिसलं. डेल मायक्रोवेव्हपाशी उभा होता. ऑड्राची आई जोनेल कालच्या पिशव्या फोडून परातीत ओतत होती.

"अगं, आज लवकर?" डेल म्हणाला.

"हे कालचं आहे."

"चीजच आहे ना? विष तर नाही."

"वर पाटी माझी आहे, डॅड! माझ्या अक्षरात!"

"हळू बोल," जोनेल म्हणाली. "दुकान चालवायचं तर थोडं इकडचं तिकडे होतंच, बाळा."

"मॉम, तुलाही माहीत होतं?" ऑड्राचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि ऑर्विलचं नाव का घेतलंत? त्यांनी काय केलं होतं?"

"तू सगळ्यांसमोर विचारलंस म्हणून!" डेल उसळला. "मी काय सांगायचं होतं तिथे? हौस तुला, आणि बोल मला?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ऑर्विल आले होते. डेल लगबगीने मागच्या खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. त्यांनी डबा खाली ठेवला, टोपी काढून हातात धरली.

"डेल, जरा बोलायचंय." त्यांनी टोपीची कड बोटांत फिरवली. "मी सगळं पुन्हा तपासलं. दूध तेच, कढई तीच. म्हणजे चूक माझीच असणार. सोमवारपासून खडे बंद करतो. माझ्यामुळे तुझ्या दुकानाचं नाव गेलं. मला माफ कर."

मित्रांनो, मला वाटलं, आता तरी डेल बोलेल. आता तरी!

"असू द्या, ऑर्विल," डेल जमिनीकडे बघत म्हणाला. "होतं असं."

ऑर्विलनी मान हलवली. "दुसरा डबा गाडीत आहे. तो आणतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

आम्हा वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. घ्याच. आमची फट मोकळी ठेवा, आमचा दिवा बदला, आम्हाला धुवा. पण मित्रांनो, त्याआधी एक करा. आम्हाला तोंड नाही म्हणून आमच्या आडून खोटं बोलू नका. माझा पत्रा गंजला तर मी सहन करीन. माझ्या पोटातून काढलेल्या खड्यांनी एका भल्या माणसाला स्वतःवरच संशय घ्यायला लावला, हे मात्र माझ्याने सहन होत नाही.

ऑड्रा परातीकडे बघत उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हनुवटी वर होती.

"बाहेर जाऊ नकोस," जोनेल कुजबुजली. "गावभर होईल. आपलं दुकान बसेल, ऑड्रा."

"मॉम, डॅड, ऐका. ऑर्विल आत यायच्या आधी मी गाडीपाशी जाऊन त्यांना सगळं सांगणार आहे. त्यांच्या हातात काही दोष नाही, हे आधी सांगणार. मग अकरा पिशव्या, मायक्रोवेव्ह, माझी पाटी, आणि कोणी काय केलं ते सगळं. आणि मिसेस लुंडीनना फोनही मीच करणार. तुमच्यापैकी कोणी सोबत आलं तर मला बरं वाटेल. पण मी परवानगी मागत नाहीये. मी सांगतेय."