तीन सुतांचा फरक

दिपमालानं गाडीच्या तोंडावरची चादर एका झटक्यात ओढली. चादर फुलाफुलांची, कुणाच्या तरी डबलबेडवरची होती. गॅरेजात गाडी अशी झाकून ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी आहे, हे ओळखायला कॉलेजात फिजिक्स शिकवावं लागत नाही. बोनेट काढून भिंतीला टेकवलेलं होतं. आत जुनं इंजिन नव्हतं आणि नवंही नव्हतं. त्या जागी पाण्याच्या पाइपांचे तुकडे आणि केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा चिकटवून केलेलं एक इंजिनाचं बुजगावणं बसवलं होतं.

"ताई, फोन केला असता तर चहा सांगून ठेवला असता," मागून कौतिक मिस्तरी म्हणाला. तो हात पुसत उभा होता, आणि हात बराच वेळ पुसत राहिला.

तिनं जुनं इंजिन कुठं आहे ते विचारलं. त्यानं शेडच्या मागे बोट दाखवलं. टायरवर ठेवलेलं, गोणपाटानं झाकलेलं इंजिन तिथं होतं. तिनं मोबाइलमधला जुना फोटो उघडून इंजिनावरचा नंबर आकड्याला आकडा लावून ताडून पाहिला. बरोबर होता. शंका खोटी निघाली की माणसाचा थोडा हिरमोडच होतो, तसा तिचा झाला.

धुळ्याहून पिंप्राळ्यापर्यंत ती न कळवता आली होती ती याच शंकेपायी. दोन आसनांची, उघड्या टपाची ही लाल विलायती गाडी नानांची, म्हणजे तिच्या वडिलांची. नाना गेले, इंजिनाचा ब्लॉक फुटलेला, आणि त्याचे भाग आता जगात कुठं मिळत नव्हते. वर्षश्राद्धाच्या आत गाडी चालती करायची आणि आईला शेजारच्या सीटवर बसवून धुळ्यात देवपूरभर फिरवायचं, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं. मारुतीचं इंजिन घालायचं ठरलं. पण कौतिक दर वेळी आठ दिवसांनी या म्हणायचा. फोटो पाठवायचा ते फक्त उजव्या बाजूचे. त्यात तिचा चुलतभाऊ ललित यानं कान भरलेले. हे लोक जुन्या गाडीचं अस्सल सामान काढून पुण्याच्या शौकिनांना विकतात, तुला कळणारही नाही, असं तो दोनदा बोलला होता.

"चादर कशाला घातली?" तिनं विचारलं.

"येणारा-जाणारा विचारतो, ठोकलेली गाडी आहे का म्हणून. मी काय सांगू? तुम्ही तर नाही म्हणाला होता."

तिनं बोनेटच्या जागेतून आत वाकून पाहिलं. आतला रंग खरवडून काढलेला होता. डाव्या बाजूला, बॅटरीची पेटी कापून टाकली होती तिथं, चासीच्या दांडीवर वीतभर पट्टी बसवलेली दिसत होती आणि तिच्या कडेनं जुन्या जोडाचा पितळी झाळ चमकत होता. दिपमालानं तिकडे एकदा पाहिलं आणि नजर पाइपांच्या बुजगावण्यावर आणली.

कौतिकनं ते का केलं ते सांगितलं. खरं इंजिन दहा वेळा उचलून ठेवण्यापेक्षा हे हलकं बरं. नवं इंजिन लांबीला जास्त, म्हणून पायाकडचा पत्रा चार बोटं मागे घ्यायचा आणि रेडिएटर पुढं सरकवायचा. स्टेअरिंगचा दांडा कुठं आडवा येतो, तेही आधी बघून ठेवायचं. ते सगळं जमण्यासारखं होतं. अडलं होतं ते इंजिन ज्यांच्यावर बसतं त्या ब्रॅकेटांपाशी. त्यानं खिशातून दोरी काढली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि मागच्या डाव्या बोल्टावर धरायला सांगितलं. दुसरं टोक त्यानं पुढच्या उजव्या बोल्टापर्यंत नेऊन गाठ मारली. मग दुसरा कर्ण, जो तेवढाच भरायला हवा होता. गाठ बोल्टाच्या पुढं गेली.

"तीन सूत," तो म्हणाला. "म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. दांडी वाकलेली आहे. कुठून मार बसला ते कळल्याशिवाय सरळ कशी करू? अंदाजानं ताणली आणि वर ब्रॅकेट जोडलं, तर चालत्या गाडीत वेल्डिंगचा टाका उकलेल. डाव्या अंगाला कोण बसणार म्हणालात?"

"आई."

तिनं दोरीचं टोक सोडलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं फोनवर विचारलं होतं, गाडी कधी ठोकली होती का. नानांनी गाडीला ओरखडा उमटू दिला नाही, असं तिनं तोऱ्यात सांगितलं होतं. सव्वीस वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि आता ते खोटं सांगायला काही कष्टही पडत नसत.

बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर असताना एका पहाटे तिनं किल्ली चोरून गाडी बाहेर काढली होती. पांझरा नदीच्या फरशी पुलावर वळण कमी घेतलं आणि पुलाच्या कडेचा दगड लागला. कशीबशी गाडी आणून तिनं शेडमध्ये लावली. सकाळी नाना गरजले तेव्हा ती दाराआड पुस्तक धरून उभी होती. निंबाभाऊ, त्यांचे ड्रायव्हर, तिच्याकडे एकदा पाहून म्हणाले होते की काल पेट्रोल भरून येताना बैल आडवा आला, चूक माझी. नानांनी त्यांना त्याच दिवशी घालवलं. चौदा वर्षांची नोकरी. ती दाराआडून बाहेर आली नाही. पेपर झाले की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पेपर झाले, निकाल लागला, लग्न झालं.

"तुम्ही दिलेल्या कागदांत विम्याचा जुना अर्ज होता," कौतिक म्हणाला. "त्यात ड्रायव्हरचं नाव, गाव पारोळा. मी माणूस पाठवून शोधून काढलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं, म्हणून एवढे दिवस थांबलो."

फाइल न चाळता तिनंच त्याच्या हातात ठेवली होती. या माणसावर पाळत ठेवायला ती नव्वदेक किलोमीटर आली होती, आणि तो महिनाभर तिच्याच मागावर होता.

"काय म्हणाले ते?"

"बैल म्हणाले. अजून तेच म्हणतात, समोरून आला, दिवा फुटला." कौतिकनं पट्टीच्या खाली हात घातला. "पण दिव्याची जागा अस्सल आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. आणि हा मार पार खालून आहे. बैल बसलेला असला तरी इतका खाली नसतो, ताई."

तो हसला नाही. निंबाभाऊंना आज बोलावलंय, एवढंच तो म्हणाला. त्याच्या उस्तादांचा एक रिवाज होता. ज्याच्या हातून गाडीला मार बसला, त्याच्याच हातानं नारळ फोडायचा. तोवर जुन्या जखमेवर नवा टाका घालायचा नाही. कौतिक काही फार देवभोळा नव्हता, पण उस्तादांचं हे त्यानं कधी मोडलं नव्हतं.

दिपमालाला निघून जावंसं वाटलं. कॉलेजात मीटिंग आहे, असं ती म्हणालीसुद्धा. रविवार होता. कौतिकनं ते ऐकून घेतलं.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. काळा चष्मा लावलेले, पांढरी टोपी घातलेले निंबाभाऊ काठी टेकत आत आले. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. तिनं "या" म्हटलं, तो आवाज ऐकूनच त्यांनी तिला ओळखलं.

"दिपूताई? तू कव्हय उनी माय?"

आत्ताच आले, म्हणत ती त्यांच्या पाया पडली. नानांचं ऐकलं म्हणाले. यशोदाअक्कांची, म्हणजे तिच्या आईची, तब्येत विचारली. मग कौतिककडे वळून, कुणी विचारलं नसताना, त्यांनी बैलाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी बैल पांढरा होता आणि त्याच्या गळ्यात घुंगरं होती. सव्वीस वर्षांत त्यांनी तो बैल नीट पोसला होता. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि चाचपडत गाडीच्या तोंडापाशी गेले.

"चूक मनीच व्हती," ते म्हणाले. "कोठे फोडू मिस्तरी?"

कौतिकच्या हातात खडू होता आणि तो दांडीकडे पाहत होता. तिच्याकडे त्यानं मुद्दाम पाहिलं नाही, हे तिला कळलं.

घरात, कॉलेजात, वर्गात तिनं कितीतरी वर्षं अहिराणीचा एक शब्द उच्चारला नव्हता.

"नारळ मना हातमा द्या, भाऊ," ती म्हणाली.

निंबाभाऊंनी नारळ घट्ट धरला. "ऱ्हाऊ दे ना माय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आते काय शे त्यानं."

तिनं त्यांच्या हातांवर हात ठेवले आणि तशीच उभी राहून कौतिकला सांगितलं, "दगड होता. फरशी पुलाचा. डावीकडे वळताना खालून लागला. वेग फार नव्हता. मी चालवत होते."

कौतिकनं वाकून दांडीच्या खालच्या अंगाला खडूनं एक बाण काढला, वरच्या दिशेनं. मग पुन्हा दोरी लावून पाहिली आणि मान डोलावली. मार नेमका कुठून आला ते कळलं की दांडी सरळ करणं अवघड नव्हतं. तो गॅसची नळी आणायला मागे गेला, आणि बराच वेळ मागेच राहिला.

नारळ आता तिच्या हातात आला होता. निंबाभाऊंनी काळा चष्मा काढून डोळ्यांच्या कडा टोपीनं टिपल्या. ऑपरेशनपासून पाणी येतं म्हणाले. चष्मा पुन्हा लावला आणि गाडीच्या पत्र्यावर हात टेकवत त्यांनी विचारलं,

"तुले लागनं व्हतं का तव्हय?"

दिपमालानं होकारार्थी मान हलवली. त्यांना नीट दिसलं नसेल असं वाटून तिनं जुना व्रण असलेलं आपलं डावं मनगट त्यांच्या हातात दिलं.