सुकरीला बांधलेली मच्छरदाणी

मी मच्छरदाणी बोलतेय. निळी, दोन माणसांच्या मापाची, औषधात भिजवून काढलेली. डास माझ्यावर बसला की मेलाच म्हणून समजा. ही फुशारकी नाही, माझं कामच ते. पण माझ्या आयुष्यात माझ्यावर डास कमी बसले आणि माणसाचं रक्त जास्त सांडलं, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म दूर कुठल्याशा कारखान्यात झाला. गठ्ठ्यात बांधून टेम्पोनं मी कुरखेड्याला आले आणि तिथून जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा पाड्यावर. शाळेसमोर एका साहेबांनी आमच्यासोबत फोटो काढून घेतला, भाषण केलं. हिवताप किती वाईट आणि सरकार किती चांगलं, सगळं सांगितलं. पिशवीतून काढल्यावर मला एक दिवस सावलीत वाळत घालायचं असतं, एवढंच तेवढं सांगायचं राहिलं. ते पिशवीवर छापलेलं होतं म्हणा, बारीक अक्षरात. पिशव्या बायकांनी बियाणं ठेवायला नेल्या.

मी गेले लालसूच्या घरी. घरात त्याची बायको निशा, म्हातारी आई इतवारी आणि दोन लेकरं, सुरज आणि धाकटी रिना. इतवारीनं हौसेनं मला त्याच दिवशी बांधलं. कोरं करकरीत औषध ते! लेकरांच्या डोळ्यांना पाण्याच्या धारा, तोंडाची आग. सुरज गाल खाजवून खाजवून रडला. सकाळी म्हातारीनं मला ओढून अंगणात भिरकावलं. हिच्यात जहर हाये, असं तिनं शेजारणीला सांगितलं आणि दुपारपर्यंत टोल्यातल्या माझ्या सगळ्या बहिणी कुंपणावर लोंबकळू लागल्या.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आमची जाळी बारीक आहे. झालं! लालसूनं मला दोन बांबूंना शिवलं आणि नाल्यात उतरवलं. डासांचा काळ म्हणून मिरवणारी मी झिंगे उपसायला लागले. सुकरीनं ते पाहिलं तेव्हा तिनं लालसूला असं झाडलं की त्या दिवशीचे झिंगे काही त्याला गोड लागले नसतील.

ही सुकरी म्हणजे लालसूच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, टोल्याची आशाताई. खांद्याला पिशवी, पिशवीत सुया, कापूस आणि काचेच्या पट्ट्या. कुणाला ताप आला की बोट टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायची आणि काच तपासायला कुरखेड्याला धाडायची. मच्छरदाणी वाळवा आणि मग बांधा, हे सांगत घरोघर फिरली. ऐकतं कोण? नावडतीचं मीठ अळणी. एकटी बाई, पोटी लेकरू नाही, आणि जाईल तिथं दुसऱ्याच्या लेकरांना टोचते. बायका तिला प्यायला पाणी द्यायच्या, पण ती पाळण्याजवळ गेली की पाळणा आत घ्यायच्या.

धानाची रोवणी आटोपली आणि टोल्यात ताप शिरला. घरटी एक आजारी. जागच्या जागी तपासायच्या किट संपल्या होत्या, मागवलेल्या आल्या नव्हत्या. सुकरीनं लेकरांची बोटं टोचून काचा जमवल्या, पण नाला भरून वाहत होता. काचा जाणार कशा? त्या तिच्या घरी कागदात गुंडाळून पडून राहिल्या. गोळ्या होत्या तिच्याकडे. पण रिपोर्ट आल्याशिवाय गोळी द्यायची नाही, असं तिला वरून बजावलेलं.

सुरजला हुडहुडी भरली तेव्हा तिनं त्याचंही बोट टोचलं. पोराला खांद्यावर घेऊन नाला ओलांड, दवाखान्यात ने, म्हणून लालसूच्या हातापाया पडली. लालसू निघालाही, पण नाल्याच्या अलीकडच्याच दुसऱ्या टोल्यावरच्या, झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याकडे. पोराला झटके आले ते तिथंच. घरी आणलं ते गेलेलंच. पुजारी म्हणाला, पोराचं रक्त घराबाहेर गेलंय, ज्यानं नेलं त्यानंच खाल्लं.

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण लेकराला माती देऊन आलेल्या बापाला कुणाच्या तरी नरड्यावर हात ठेवायचाच असतो. मातीचे हात न धुताच माणसं सुकरीच्या घरात घुसली. पुजाऱ्याचा भाचा नथ्थू सर्वांत पुढे. त्यानं कागद सोडला. आत काचा. एकेका काचेवर वाळलेलं रक्त आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं एकेका लेकराचं नाव. साऱ्या टोल्याची लेकरं तिच्या घरात, थेंब थेंब. मग कुणी काही विचारलं नाही.

तिला केसांना धरून ओढत आणलं. दोर शोधायला वेळ कुणाला होता? मी लालसूच्या कुंपणावर ओलीच पडले होते. मला बांबूंवरून फाडून काढलं, पीळ घातला आणि तिला मोहाच्या झाडाला आवळलं. माझेच बांबू तिच्यावर चालले. पहिला फटका लालसूचा. मी तिच्या बरगड्यांवरून गेले होते, आत काय मोडतंय ते मला कळत होतं. लटारू नावाचा एक म्हातारा म्हणाला की पोलीस पाटलाला तरी बोलवा. त्यालाही दोन बसल्या. टोचणारा हात हाच, असं म्हणत नथ्थूनं तिचा उजवा हात धोंड्यावर दाबून वरून दगड घातला. शेवटी काचा फोडून तिच्या तोंडात कोंबल्या.

"खा आता," तो म्हणाला, "लेकरं खाल्ली तसं."

मला सुटता येत असतं तर सुटले असते हो. पण गाठ मारणारा माणूस, सोडणाराही माणूसच लागतो. तिच्या तोंडातलं रक्त माझ्या जाळीतून गळत राहिलं आणि मी तिला आवळून धरून राहिले.

तेवढ्यात निशा आली. कडेवर रिना, अंगाचा नुसता निखारा, मान टाकलेली. बांधली तरी दुसरं लेकरू धरलंच हिनं, असं म्हणत नथ्थूनं बांबू उचलला. निशा मध्ये शिरली. बांबू तिच्या खांद्यावर बसला. तिनं ना त्याच्याकडे पाहिलं, ना नवऱ्याकडे.

"बाई," ती सुकरीला म्हणाली, "पोट्टी तापून राह्यली. काय करू?"

सुकरीनं आधी काच थुंकली.

"माह्या शिक्यात गोळ्या हायेत. लाहान लेकराची पुडी घे. खाऊ घालून दे. आज, उद्या, परवा. बरी दिसली तरी सोडू नोको." तिनं आणखी एक काच थुंकली. "रिपोर्टची वाट नोको पाहू."

निशा गोळ्या घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत, त्याच झाडाखाली, भाताच्या घासात चुरून तिनं पहिली गोळी रिनाला चारली. नथ्थू जहर जहर म्हणून ओरडला, पण लालसूचा हात खाली आला होता आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मग निशानं विळा घेतला आणि मला कापलं. तो विळा मला लागला नाही असंच मी म्हणेन.

निशानं, लटारूनं आणि दोघाचौघांनी सुकरीला खाटेवर घालून नाल्याकाठी नेलं. पाणी उतरायची वाट बघता बघता सुकरी तिथंच गेली.

इतवारीनं उरलेली पुडी चुलीत घालायला दोनदा हात घातला. निशानं ती कमरेला खोचून ठेवली आणि सांगितलं होतं तशी पुरी केली. रिना उठली. भात मागू लागली.

मला पोलिसांनी पिशवीत घालून लाखेचं सील मारलं. आता मी मुद्देमाल. ठाण्याच्या मालखान्यात दारूच्या डब्यांशेजारी पडून असते. एकदाच बाहेर आले, कोर्टात. साऱ्या टोल्यानं निशाला समजावलं होतं, की पोरगा गेला, जाऊ गेली, आता नवराही घालवतेस का? वकिलानं मला उलगडून धरलं आणि पहिला फटका कुणाचा, ते विचारलं. निशानं लालसूकडे नीट पाहिलं.

"माह्या नवऱ्याचा," ती म्हणाली. लालसूनं मान खाली घातली. आणखी काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, मच्छरदाणी वापस भेटन का? पोट्टी उघडीच झोपून राह्यली."

खटला संपल्याशिवाय मुद्देमाल देता येत नाही, असं तिला समजावून सांगण्यात आलं. पुढची तारीख पडली. मला पुन्हा पिशवीत घातलं.

टोल्यात आशाचं काम घ्यायला आता एकही बाई तयार नाही. कोण बोट टोचेल आणि कोण टोचून घेईल? पण माझ्यातलं औषध अजून जिवंत आहे. रक्त धुतलं की निघेल, कापलेलं निशा शिवून घेईल. तुमच्यापैकी कुणाची कोर्टात ओळख असेल तर एवढं सांगा, खटला माझ्या फोटोवर चालवा म्हणावं. रोवणी पुन्हा सुरू झाली आहे, डास तारीख घेऊन येत नाहीत, आणि ती पोर उघडी झोपते आहे.