सीटवरची उशी

मित्रांनो, जुनी तर मी आहेच. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, वितळल्या, आणि त्यांचे कुठे कुठे खिळे झाले असतील. मी मात्र अजून माझ्या चाकांवर उभी आहे. रंग गडद हिरवा, दारं दोनच, आणि इंजिन एवढं मोठं की शेजारच्या ट्रॅक्टरनेही मान खाली घालावी. आमच्या जातीला इथे मसल कार म्हणतात, म्हणजे दंडाच्या बेटकुळ्या दाखवत फिरणारी गाडी. थोडी नखरेल आहे मी, थोडी तापट आहे, आणि झोपाळू तर फारच आहे. निम्मं आयुष्य मी एका शेडमध्ये स्वप्नं बघत काढलं. त्यामुळे एखादी गोष्ट घडलेली की स्वप्नातली, असा माझा कधी कधी घोळ होतो. पण उशीची गोष्ट घडलेली आहे. तीच सांगते.

माझा जन्म डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात, गरम रंगाचा वास आठवतो, आणि भोंगा झाला की सगळी माणसं जेवणाचे डबे उघडून बसायची, ती शांतता आठवते. मग रेल्वेने मला पश्चिमेला आणलं आणि नॉर्थ डकोटात, रेड नदीच्या खोऱ्यात उतरवलं. इथली जमीन इतकी सपाट, की मला वाटलं आपण अजून मालगाडीच्या सपाट डब्यावरच उभ्या आहोत.

दुकानात मला बघायला पुष्कळ जण यायचे. बॉनेट उघडायचे, 'वा' म्हणायचे आणि निघून जायचे. मग एका दुपारी आर्डिस आली. बुटांना चिखल, डोक्याला रुमाल. ती बीटच्या काढणीला ट्रक चालवायची. साखरेचं बीट गोठायच्या आत कारखान्यावर पोचवावं लागतं, म्हणून ऑक्टोबरात इथे बाया-पुरुष सगळेच ट्रकवर चढतात.

"वडील मागून येतायत का, पोरी?" दुकानदाराने विचारलं.

"वडील बीट काढतायत. गाडी मला हवी आहे."

"मग ही नको गं. ही अंगावर येते. तिकडे एक फिकट पिवळी आहे बघ, बाजारहाटाला छान."

"बाजारहाटाला ट्रक आहे माझ्याकडे," आर्डिस म्हणाली. "ही चालू करून दाखवा."

दुकानदाराने पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिला. आता माझ्या घशात असं भसाभसा पेट्रोल ओतलं की मला ठसका लागतो आणि मी चालू होत नाही. त्याचा चेहरा लाल झाला. आर्डिसने त्याला बाजूला सरकवलं. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात, म्हणून कोटाची घडी करून ती पाठीशी घेतली आणि निवांत बसून राहिली. पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबली. मग पेडल दोनदा पूर्ण दाबलं, पाय काढून घेतला, चर्चमधल्या कुठल्याशा गाण्याचं एक कडवं गुणगुणली आणि मग किल्ली फिरवली. मी अशी काही गरजले की दुकानाच्या काचा थरथरल्या. मला घाई चालत नाही, हे तिने न सांगता ओळखलं होतं. त्या क्षणी मी तिची झाले.

त्याच आठवड्यात तिने गोधडीचे उरलेले तुकडे जोडून एक जाड उशी शिवली. निळे, तांबडे, एक पिवळा तुकडा. ती उशी माझ्या सीटवर आली आणि तिथेच राहिली.

ते दिवस आठवले की मला अजून गुंगी येते. सरळ रस्ते, दोन्हीकडे सूर्यफुलं, काचा खाली, आणि मागे धुळीचा पदर इतका लांब की आम्ही घरी पोचलो तरी तो अजून वाटेतच असायचा. रविवारी चर्च सुटलं की पोरं त्याच रस्त्यावर गाड्या पळवायची. व्हर्लिन ट्वेट नावाचा एक लाजरा शेतकरी आमच्याशी शर्यत लावायला आला आणि हरला. पुढच्या रविवारी आला, पुन्हा हरला. त्याच्या पुढच्या रविवारी आर्डिसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हरायलाच येतोस की काय तू?"

"हो," व्हर्लिन म्हणाला. "हरलो की तू थांबून बोलतेस."

लग्नाला ते माझ्यातूनच गेले. चालवत आर्डिस होती.

मग मुलगा झाला, लोरेन. त्याचा पाळणा, दुधाच्या बाटल्या, खोकी. दोन दारांच्या गाडीत संसार मावत नाही. अंगणात एक लांबलचक, तपकिरी, कंटाळवाणी गाडी आली आणि मी शेडमध्ये गेले. रुसले का? थोडी रुसले. पण दर वसंतात बर्फ वितळून रस्ता वाळला की आर्डिस माझ्यावरची जुनी चादर काढायची, उशी झटकायची, कडवं गुणगुणायची, आणि आम्ही दोघी टपालपेटीपर्यंत जाऊन यायचो. एवढ्याशा रस्त्याच्या पुंजीवर मी वर्षभर स्वप्नं बघायचे. पाकोळ्या तुळईवर घरटी बांधायच्या आणि मला वाटायचं आपणच उडतोय.

शेडचं दार उघडं राहिलं की रस्त्यावरून कोणाला तरी माझं नाक दिसायचं. मग तो गाडी वळवायचा. या देशात आमच्यासारख्या गाड्या अशाच हाती लागतात, मित्रांनो. कोणाच्या तरी शेडमध्ये डोकावायचं आणि दार ठोठावायचं. आमच्या दारावर कितीतरी जण आले. आणि प्रत्येकजण आर्डिसच्या डोक्यावरून मागे बघून व्हर्लिनलाच विचारायचा, "साहेब, ती हिरवी विकणार का?"

"मला काय विचारता?" व्हर्लिन म्हणायचा. "मी तिच्यात पाहुणा म्हणून बसतो."

त्यांना वाटायचं म्हातारा गंमत करतोय. ते हसायचे, फोन नंबराची चिठ्ठी माझ्या वायपरखाली खोचायचे आणि जायचे. आर्डिस त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर दूध, अंडी, कॉफी असं लिहून बाजारात न्यायची.

एका हिवाळ्यात व्हर्लिन गेला. त्या वसंतात माझ्यावरची चादर निघाली नाही. पुढच्याही नाही. आर्डिसचं कंबरेचं हाड मोडलं होतं, डोळे अधू झाले होते, आणि गाडी चालवायचा परवाना तिने स्वतःहून परत केला होता. शेडमध्ये यायची ती, काठी टेकत. माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहायची. 

शेवटी शेत शेजाऱ्याला द्यायचं ठरलं. आर्डिस गावात चर्चजवळ एका लहान घरात राहायला जाणार होती आणि अवजारांचा लिलाव जूनमधल्या एका शनिवारी होणार होता. लोरेन शहरातून आला होता. मुलगा चांगला होता, फक्त त्याला सगळ्याची घाई.

"आई, गाडीसुद्धा लिलावात टाकू. लोक तिच्यासाठीच येतील."

"माझ्यासमोर तिला जो चालू करेल, त्याला मी देईन."

"अगं, किती वर्षं ती बंद आहे."

"नवं पेट्रोल घाल, नवी बॅटरी लाव. बाकी तिचं तिला ठाऊक आहे."

"आणि नाहीच कोणाला जमलं तर?"

आर्डिसने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "मग लिलावात जाऊ दे," ती म्हणाली.

मी ऐकत होते. आणि लिलावाच्या आदल्या दिवशी प्रेस्कॉट नावाचे एक गृहस्थ आले, तेव्हा मला कळलं की माझं काय होणार आहे. स्वच्छ बूट, मृदू आवाज. त्यांच्याकडे काचेचा एक मोठा हॉल होता आणि त्यात माझ्यासारख्या गाड्या ओळीने उभ्या होत्या.

"तिच्यावर धूळसुद्धा बसणार नाही," ते लोरेनला म्हणाले. "चाकं जमिनीला टेकू देत नाही आम्ही. चालू होवो न होवो, मला फरक पडत नाही. मी उद्या लिलावालाच येतो."

मित्रांनो, धुळीची मला कधीच भीती वाटली नाही. पण चाकं जमिनीला टेकणार नाहीत, याची वाटली. शेडमध्ये झोपले तरी वसंत येईल असं वाटायचं. काचेच्या हॉलमध्ये कुठला वसंत?

शनिवारी सकाळपासून रस्त्याच्या कडेला ट्रकच ट्रक. चर्चच्या बायकांनी टेबल मांडून कॉफी आणि रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरलेल्या गोड पेस्ट्र्या विकायला ठेवल्या. लिलाववाला गाडग्यात खडे वाजवावे तसा भराभरा बोलत अवजारं विकत होता. आर्डिस शेडच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसली होती, आणि तिच्यासमोर एकामागून एक पुरुष माझ्यात शिरत होते.

प्रत्येकाने आधी काय केलं असेल? सीटवरची उशी उचलून मागे भिरकावली. मग सीट मागे ढकलली, बाह्या सरसावल्या आणि पेडल दाबायला सुरुवात केली. कोणी फवारे आणले, कोणी कसलीशी यंत्रं. ठसक्यावर ठसके. शेडभर पेट्रोलचा वास भरला. मी मुद्दाम करत नव्हते हो. प्रेस्कॉटसाहेब गर्दीत उभे होते, आणि मला चालू व्हायचंच होतं, कोणासाठीही. पण घसा भरलेला असताना गाणार कशी?

"इंजिन गेलंय, लोरेन," शेवटचा माणूस हात पुसत म्हणाला आणि कॉफी प्यायला गेला.

लिलाववाला ट्रॅक्टरांकडे वळला, गर्दी त्याच्या मागे गेली. शेडमध्ये आर्डिस एकटी राहिली. तेवढ्यात एक ठेंगणी बाई आत आली. इमेल्डा कान्तू. साखर कारखान्यावर बीटचे ट्रक दुरुस्त करायची. ती माझ्यासाठी आलीच नव्हती. व्हर्लिनचा मोठा शिकंजा, लोखंड घट्ट पकडून ठेवायचा, तिला घ्यायचा होता आणि तो शेडच्या भिंतीला होता. जाता जाता तिने सहज माझ्या खिडकीतून आत पाहिलं.

"ही उशी कोणाची?" तिने विचारलं.

आर्डिसने मान वर केली. "माझी."

"म्हणजे गाडी तुमची." इमेल्डा हसली. "माझ्या ट्रकमध्येही आहे अशीच. आपले पाय देवाने घाईत केले. कशी चालू करायचात हिला, आजी?"

 आर्डिसने रुमाल काढून डोळे पुसले आणि चष्माही पुसला. "इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं बघ," ती म्हणाली. "बैस. पण आता लगेच नाही. तिला ठसका लागलाय. आधी बोलत बसू."

मग दोघी बोलत बसल्या. इमेल्डाचे आई-वडील टेक्सासहून दर उन्हाळ्यात याच खोऱ्यात बीट निंदायला यायचे आणि एका वर्षी परत गेलेच नाहीत. आर्डिसने हरायला येणाऱ्या व्हर्लिनची गोष्ट सांगितली. दारातून ऊन आत सरकत होतं, पाकोळ्या ये-जा करत होत्या, आणि माझा घसा हळूहळू मोकळा होत होता. हे सगळं मी स्वप्नात बघतेय की काय, असं मला वाटून गेलं.

"आता," आर्डिस म्हणाली.

इमेल्डाने मागून उशी काढली, झटकली, पाठीशी लावली आणि सीट पुढे ओढली. पेडल दोनदा. पाय काढला.

"आता एक कडवं गुणगुण. कुठलंही."

इमेल्डाला चर्चमधलं ते गाणं येत नव्हतं. ती तिच्या आईचं, शेतात म्हणायचं गाणं स्पॅनिशमध्ये गुणगुणली. चाल वेगळी होती, पण थांबणं तेवढंच होतं. किल्ली फिरली.

मी गरजले. पाकोळ्या भुर्रकन बाहेर गेल्या. बाहेर लिलाववाला बोलता बोलता थांबला, आणि तो कधी थांबत नसतो. कॉफीचे पेले हातात घेऊन माणसं शेडकडे वळली.

प्रेस्कॉटसाहेब लोरेनजवळ आले. "त्या बाई देतील त्याच्या दुप्पट मी देतो," ते हळूच म्हणाले.

लोरेनने आईकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच त्याने घाई केली नाही. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "मी तर तान्हा असतानासुद्धा तिच्यात बसलो नाही."

"मी शब्द दिलाय," आर्डिस म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला. किंमत त्या दोघींनी नंतर कॉफी पिता पिता ठरवली. ती मला ऐकू आली नाही.

पण त्याआधी इमेल्डा खाली उतरली आणि दार धरून उभी राहिली. "आता तुम्ही, आजी. रस्ता तुमच्याच शेतातला आहे. मी शेजारी बसते, डोळे माझे वापरा."

आर्डिस काठी टेकत आली. उशीला पाठ टेकून बसली. तिचे हात माझ्या स्टिअरिंगवर आले, आता हलके झाले होते, पण जागा त्यांना पाठ होती. आम्ही निघालो, सावकाश. दोन्हीकडे बीटची कोवळी पानं, मागे धुळीचा तोच पदर. "थोडं डावीकडे," इमेल्डा म्हणाली. "ठाऊक आहे," आर्डिस म्हणाली. टपालपेटीपाशी ती थांबली. पुढे मोठा रस्ता होता आणि तो तिला दिसत नव्हता.

ती स्टिअरिंग धरून बसली. रडली थोडी. मग पाठीमागची उशी काढली आणि इमेल्डाच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझे पाय माझ्यापेक्षा आखूड आहेत."

दोघींनी जागा बदलल्या. इमेल्डाने मोठ्या रस्त्याकडे पाहिलं, मग आर्डिसकडे पाहिलं, आणि आम्ही टपालपेटीच्या पलीकडे गेलो.

मित्रांनो, आता मी झोपत नाही फारशी. दर रविवारी चर्चपाशी थांबते, आर्डिस शेजारच्या सीटवर बसते, आणि सूर्यफुलांच्या रस्त्याने आम्ही तिघी जातो. कधी तुम्हालाही कोणाच्या शेडमध्ये माझ्यासारखी एखादी गाडी दिसेल. तिला हात लावा, तिची धूळ पुसा, तिला फार दिवस बंद ठेवू नका. पण किंमत विचारायच्या आधी आत डोकावून बघा, आणि सीटवर उशी असली, तर ती कोणाची ते विचारा.