हातात म्हणजे हातात

सुचित्राच्या हिशेबानं ज्ञानेशचे छंद सरासरी चार महिने टिकत. गिटार तीन, सायकल पाच, घरी पाव भाजणं कसंबसं दोन. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा तिला पगार मिळे, नवऱ्याच्या ती फुकटात शोधून देई. त्यामुळे फ्लाय फिशिंगनं दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवलं तेव्हा ती जरा बिचकलीच. छंद टिकला होता. मासा मात्र एकही मिळाला नव्हता.

आयर्लंडमधल्या त्यांच्या ओंगारच्या घरात जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कायमचा गेला होता. तिथे ज्ञानेश चिमट्यात तांदळाएवढा हूक धरून त्यावर सशाचे केस आणि कोंबड्याचं पीस रेशमी धाग्यानं गुंडाळत बसे आणि त्यातून एक खोटी माशी तयार होई. माणूस अंडंसुद्धा न खाणारा. मासा धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा, एवढाच त्याचा बेत. पुण्याहून सासूबाई, पद्मजाताई, फोनवर विचारत, "सोडूनच द्यायचाय ना? मग त्याच्या वाटेला जातोस कशाला?" ज्ञानेश तोवर पुढची माशी बांधायला घेई.

मार्चमध्ये सीझन उघडला तेव्हा सुचित्रानं अट घातली. "तीस सप्टेंबरला तुझा सीझन संपतो. तोवर स्वतः बांधलेल्या माशीवर एक तरी ट्राउट मासा हातात आला पाहिजे. नाही आला तर रॉड कुणाला तरी देऊन टाकायचा, आणि शनिवार घरचे."

"हातात म्हणजे हातात?"

"हातात म्हणजे हातात. 'अगदी जवळ आला होता' चालणार नाही."

त्यानं मान्य केलं. ज्ञानेशची एक अडचण होती, दिलेला शब्द तो पाळायचा.

आज तीस सप्टेंबर. विकलोच्या डोंगरातल्या तळ्यावर त्यानं शेवटच्या दिवसासाठी मार्टिन नावाच्या सत्तरीच्या नावाड्याची होडी ठरवली होती, आणि निकाल डोळ्यांनी बघायला सुचित्राही आली होती. गाडीतून उतरताच तिनं नेहमीप्रमाणे डबा दिला, थर्मास दिला आणि पुण्याहून आणलेली डासांची क्रीम काढली. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत इथल्या चिलटांनी त्याचे हात फोडून काढले होते. तेव्हापासून निघण्याआधी क्रीम लावायची, हा तिचा शिरस्ता.

"पालथे कर. आता बोटांच्या मधे."

"अगं, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे."

"चिलटांना सांग."

होडी तळ्याच्या मध्यावर आली. उताराचं नेचं पार तांबूस झालं होतं आणि वाऱ्यानं लांब पायांचे किडे पाण्यावर येऊन पडत होते. ज्ञानेशनं त्याच किड्याची नक्कल बांधून आणली होती. तो उभा राहिला आणि त्यानं गळाची लाइन फेकली.

सुचित्रानं त्याला हे करताना कधी पाहिलं नव्हतं. घरी बशीत कप ठेवताना शेजाऱ्यांना कळेल एवढा आवाज करणारा हा माणूस. इथे त्याच्या मागे लाइन सावकाश उलगडत गेली, क्षणभर थांबली, पुढे आली आणि माशी पाण्यावर अशी टेकली की पाण्याला पत्ता लागला नसावा. दहाव्या फेकीला चुकेल, या हिशेबानं तिनं मोजायला सुरुवात केली. एकसष्टपर्यंत मोजलं. एकसष्टच्या एकसष्ट सारख्या. दोन वर्षं कुणीही बघत नसताना त्यानं काय केलं असेल ते तिला एका तासात कळलं. तिनं मोजणं सोडून दिलं आणि नुसतं बघत बसली.

मासे तर आजूबाजूला पाणी फोडत होते. त्याच्या माशीखालीही यायचे, अगदी नाक लावायचे आणि वळून जायचे. प्रत्येक वेळी, वीतभर अलीकडून. सुचित्राच्या मनातला टेस्टर जागा झाला. बाकी सगळं बरोबर असून गोष्ट दरवेळी एकाच जागी अडत असेल, तर चूक भलत्याच कुणाची तरी असते.

मार्टिननं लाइन चिमटीत धरली. ती चिकट झाली होती. त्यानं बोटं नाकाशी नेली, मग एकदा सुचित्राच्या पर्सकडे पाहिलं आणि वल्ही ओढत म्हणाला, "या होडीत आज काय छान वास येतोय. आमच्या आईच्या कपड्यांच्या कपाटाला अस्साच यायचा. कपडे खाणारी एक कसर फिरकायची नाही तिथे."

"थँक यू, मार्टिन," ज्ञानेश पाण्यावरची नजर न काढता म्हणाला.

सुचित्राचा हात पर्समधल्या ट्यूबवर होता. तो तिथेच थिजला. आयरिश माणूस तोंडावर काही म्हणत नाही, बाजूला नेऊन ठेवतो. ज्याचं असेल त्यानं उचलावं. दोन सीझन, प्रत्येक शनिवार, बोटांच्या मधेसुद्धा. हाताची क्रीम लाइनला, लाइनची माशीला.

साडेपाच वाजले होते. उजेड अजून तासभर. ती गप्प राहिली असती तर मार्टिन काही बोलला नसता. रॉड गेला असता, शनिवार परत आले असते. आणि ज्ञानेशला जन्मभर वाटत राहिलं असतं की आपल्याला जमलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावावर चुका लावणाऱ्या बाईला ही एक आपल्या नावावर लावायची होती.

"ज्ञानेश, ते थांबव जरा. मासे तुला घाबरत नाहीयेत. क्रीमला घाबरतायत. माझ्या."

त्यानं स्वतःचे हात हुंगले. लाइन हुंगली. तिला वाटलं, आता हा चिडेल.

"म्हणजे माझं फेकणं बरोबर होतं?" तो म्हणाला.

"एकसष्टच्या एकसष्ट," ती म्हणाली. "मी मोजलंय."

एवढंच. चिडला नाही, दोन वर्षं काढून दाखवली नाहीत. मार्टिननं होडी काठाला घेतली. ज्ञानेशनं वाळू आणि चिखल घेऊन कोपरापर्यंत हात घासले. मार्टिननं स्वतःची लाइन त्याच्या रॉडला चढवली, बंद डबीतून ज्ञानेशनंच बांधलेली नवी माशी काढली आणि गाठही आपल्या हातानं मारली. "आता ग्रँड, एकदम झकास," तो म्हणाला.

होडी पुन्हा मध्यावर गेली. सातव्या फेकीला पाणी फुटलं आणि रॉड वाकला. सुचित्रा उठून उभी राहिली, होडी डुलली, मार्टिननं तिला कोटाला धरून खाली बसवलं. ज्ञानेशनं घाई केली नाही. मासा पळाला की पळू दिला, थकला की ओढला. शेवटी तो होडीला लागला. सोनेरी अंग, लाल ठिपके, वीतभरच. ज्ञानेशनं हात ओला केला, त्याच्याखाली नेला, आणि मासा एक हिसका देऊन हुकावरून सुटला. ज्ञानेशच्या हातापासून दोन बोटांवर.

ज्ञानेशनं लाइन गुंडाळली, माशी काढून डबीत ठेवली आणि रॉड मार्टिनपुढे धरला. "तुम्हाला उपयोगी पडेल."

"अरे, मी पाहिला ना मासा," सुचित्रा म्हणाली.

"जवळ आला होता. ते चालणार नव्हतं."

"मीच घातली होती ना अट?"

"मी मान्य केली होती."

रॉड तसाच दोघांच्या मधे राहिला. मार्टिन डोंगराकडे बघत होता. अशा माणसाला दया दाखवून चालणार नाही, हे सुचित्राला कळत होतं. त्याला नियमानंच धरायला हवं होतं.

"हे बघ," ती कामावरच्या आवाजात म्हणाली. "दोन वर्षांच्या टेस्टमध्ये बाहेरून गडबड झाली होती. कुणी केली ते आपल्याला माहीत आहे. अशा टेस्टचा निकाल धरत नाहीत. ना पास, ना फेल. टेस्ट रद्द. मार्चपासून पुन्हा पहिल्यापासून."

ज्ञानेशनं विचार केला. त्यात त्याला खोट सापडली नाही. "अट तीच?"

"तीच. हातात म्हणजे हातात."

त्यानं रॉड मागे घेतला.

काठाला लागेपर्यंत वारा पडला होता आणि चिलटं उठली होती. ज्ञानेशच्या स्वच्छ हातांवर ती तुटून पडली. सुचित्रानं पर्स उघडलीसुद्धा नाही. त्यानं हात पुढे केले आणि दोघं गाडीकडे चालता चालता ती दंश मोजत गेली, उजव्यावर अकरा, डाव्यावर चौदा. मोजून झालं तरी ज्ञानेश हात आवरून घेईना.