व्लतावाची ओटी

शरदातले ऊन प्रागच्या छपरांवर उतरते आणि उतरता उतरता केशर होते. तांबड्या कौलांवरून ते ओघळते, हिरव्या घुमटांवर क्षणभर थबकते, काळवंडलेल्या मनोऱ्यांच्या सुवर्णटोकांना स्पर्शून खाली नदीत विरघळते. आणि नदी धुक्याचा विरविरीत पदर सावरीत पुलाखालून पुलाखाली जात राहते. व्लतावा तिचे नाव.

हेमलताबाई या नगरीत दोनच दिवसांच्या पाहुण्या होत्या. युरोप दाखवणाऱ्या सहलीच्या बसने त्यांना इथे आणले होते आणि उद्या सकाळी तीच बस त्यांना पुढे नेणार होती.

नगरीने त्यांना भुलवले होते. शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले दगड, रंगीत काचांतून मंदिराच्या फरशीवर सांडलेले माणिक-पाचूंचे तुकडे, चौकातले ते थोर घड्याळ, ज्याच्या कडेला उभा राहून हाडांच्या सापळ्याच्या रूपातला मृत्यू तासातासाला घंटा वाजवतो. भर बाजारात काळाला टांगून ठेवणारी ही माणसे शहाणी असली पाहिजेत, असे त्यांना वाटले.

पण देवाच्या दारी तिकिटाची खिडकी होती. पुलावर एक भिकारी दोन्ही गुडघे टेकून, कपाळ दगडाला लावून बसला होता आणि हजार पावले त्याला वळसा घालून जात होती. आणि लेकीच्या इमारतीच्या जिन्यात शेजारीण भेटली, तेव्हा ती नुसती मान हलवून दार लावून घेती झाली. हेमलताबाई त्या बंद दाराकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

लेक शाल्मली. गेल्या वर्षी तिने इथल्या ओंद्रेशी लग्न केले, नोंदणी कचेरीत, मित्रांच्या साक्षीने. कऱ्हाडच्या घरून कोणी आले नाही. वडिलांनी नको म्हटले; आई काहीच बोलली नाही. त्या मौनाचा अर्थ लेकीला अजून कळला नव्हता. दोन दिवस ती आईला मनोरे दाखवीत होती, पूल दाखवीत होती, आणि प्रत्येक वळणावर विचारीत होती, “सुंदर आहे ना?” विचारायचे होते दुसरेच.

“सुंदर आहे,” आई म्हणे आणि पुढे चालू लागे.

दुसऱ्या दिवशी, उन्हे कलताना, हेमलताबाईंनी पिशवीतून एक पुडके काढले. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, कुंकवाची पुडी, आणि हिरवा, जरीकाठी खण.

“नदीची ओटी भरायचीय.”

“आई, इथे नदीत काही टाकत नाहीत. दंड करतात.”

“टाकायचं कुठंय? द्यायचंय. तांदूळ काय कचरा आहे?”

“आणि खण?”

“खणाचं बघू. चल तू.”

त्यांच्या माहेरची रीत होती. लेक ज्या गावी नांदायला जाई, त्या गावच्या नदीची ओटी तिच्या आईने भरायची. लेक तुझ्या काठाला दिली आहे, तिला सांभाळ, एवढेच पाण्याला सांगायचे. पण कृष्णामाईला सांगणे निराळे. हे पाणी परके, त्याची भाषा परकी. ते ऐकेल का, या एका शंकेने बाईंचे पाऊल जड झाले होते.

पुलाच्या पायथ्याशी वाळूचा लहानसा किनारा होता. ओंद्रे वर कठड्याशी थांबला, सासूची पर्स छातीशी धरून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

हेमलताबाई वाकल्या. बोटांना पाण्याचा गारवा डसला. ओंजळीतले तांदूळ त्यांनी अलगद पाण्यावर सोडले. शुभ्र दाणे, सोनेरी पाणी, मिटलेले डोळे, हलणारे ओठ.

आणि धुक्यातून राजहंस आले. एक आला, मागून थवाच आला. कमळकळ्यांसारख्या माना ताणून, पंख फुगवून, फिसकारत, एकमेकांना ढकलत. बाईंनी डोळे उघडले तो पाण्यावर एक दाणाही उरला नव्हता. एक धिप्पाड हंस तर वाळूवर चढून खणाकडे मान लांबवीत होता. खण छातीशी कवटाळून बाई दोन पावले मागे सरल्या. त्यांचा चेहरा उतरला. नदीला काही पोचलेच नाही.

शाल्मली मात्र हसू लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून.

“आई, तिनं राजहंस धाडले न्यायला. अजून काय पाहिजे तुला?”

हेमलताबाईंनी हंसांकडे पाहिले, कठड्यावरच्या गोऱ्या, घाबऱ्या चेहऱ्याकडे पाहिले.

“हावरट आहेत हो तुझ्या सासरचे,” त्या म्हणाल्या.

शाल्मलीचे हसू थांबले. सासरचे. वर्षभर ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा वाऱ्यावर, थट्टेत, हंसांच्या कलकलाटात आला. तिचे डोळे भरून आले.

“रडतेस काय? कोट धर पुढे.”

पदर नव्हता, तिने लोकरी कोटाचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला. उरलेले तांदूळ त्यात पडले, हळकुंड पडले, सुपारी, खोबऱ्याची वाटी, वर हिरवा खण. कपाळाला कुंकवाचे बोट लागले. रीतीप्रमाणे त्यातले चिमूटभर दाणे आईने परत घेतले आणि रुमालाच्या टोकाला बांधले.

परतीच्या लाल ट्रामला गर्दी होती. शाल्मलीचे दोन्ही हात ओटीत गुंतलेले. दांडी धरायची कशाने? वळणावर ट्राम कलली. आईने लेकीची कंबर धरली, आईचा दंड जावयाने धरला. आणि खिडकीबाहेर, एकेका पुलावर, एकेका घाटावर, दिवे लागत गेले, लागत गेले.